देवाला जाब विचारणाऱ्या दादाला

दादा, तू गेल्याला आज अकरा दिवस झाले आणि माळावरच्या बिरोबाला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

आई गेली तेव्हा तू राख सावडून घरी आलाच नाहीस, सरळ माळ चढून गेलास. तू देवाला 'का?' म्हणून विचारत होतास, तो आवाज खाली वेशीपर्यंत येत होता. "कावून बे? म्हातारीनं तुपलं काय खाल्लतं? येक हातरून तर होतं तिचं, तेबी बगवलं न्हाई तुला?" माझ्याशेजारी बसलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, पण कानांवर हात कुणी ठेवले नाहीत. वाडीत कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आता तूच गेलास. देवाला विचारायचा मान आपल्या घराचा, पण घरात विचारील असं कुणी दिसेना. खंडू तुझा मुलगा खरा, पण तो सकाळी मेंढरांमागं जातो आणि दिवस मावळायच्या आत येऊन भिंतीकडं तोंड करून बसतो. वहिनी म्हणाली, "जत्रंला इचारील की. जत्रा दोन म्हैन्यावर हाय." तोवर देव मोकळा.

हे मी तुला लिहिते आहे, पण छापायलाही देणार आहे. त्यामुळं तुला पाठ असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. "सुमे, मलाच कावून सांगतीस?" असं म्हणू नकोस. आज मधे बोलायची सोय तुला नाही. आयुष्यात एकदा तरी माझं वाक्य पुरं होईल.

धारूरच्या डोंगराला चिकटलेली आपली वाडी. पाचपन्नास उंबरे, बहुतेक मेंढरंवाले. चैत्रात बिरोबाची जत्रा. पाहुण्यांना पालखी ठाऊक असते, जाब ठाऊक नसतो, कारण ते आदल्या दिवशीच जेवून परतलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या घरचा पुरुष देवळाच्या दारात उभा राहतो आणि वर्षभरात देवानं जे जे चुकवलं ते त्याला तोंडावर विचारतो. न आलेला पाऊस, मेंढरांतला रोग, लांडगा, मोडलेली सोयरीक, पाळण्यात गेलेलं लेकरू. प्रत्येक घरानं आपलं दुखणं आधी त्याच्या कानावर घातलेलं असतं. तो ते तोंडाला येईल तसं देवाला सुनावतो. बोलण्याला बंधन नाही. फक्त खोटं बोलायचं नाही.

मग दुसरा भाग. देवाला विचारून झालं की त्यानं डोक्याचा पटका काढायचा, देवाकडं पाठ करून पायरीवर बसायचं, आणि आता वाडीनं त्याला विचारायचं. बाई, पुरुष, लेकरू, कुणीही. त्यानं उत्तर द्यायचं नाही, सारवासारव करायची नाही, "ऐकलं" एवढंच म्हणायचं. विचारणारे संपेपर्यंत उठायचं नाही. देवाला ज्यानं सोडलं नाही त्याला आपण कशाला सोडायचं, अशी ती साधी रीत.

तू पहिल्यांदा त्या दारात उभा राहिलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास आणि मी नऊ. बाबांचा घसा त्या वर्षी पार गेला होता. सलग दुसरा दुष्काळ. मेंढरू बसलं की पुन्हा उठेल याची खात्री नसायची. मला वाटलं होतं तू घाबरशील. हात अंगाशी घट्ट धरून उभा होतास, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. मग तू बोललास. "तुला भंडारा लागतो, आमी आनतो. तुला बकरू लागतं, आमी देतो. आमी येक पानी मागितलं तर तू बहिरा व्हतो! मपल्या बापाचा गळा बसला तुला हाका मारून. तुपला कान कुनी नेला बे?" माळावर एवढी माणसं, पण कुणाच्या हातातली काकणंसुद्धा वाजली नाहीत. मी आईच्या मांडीत तोंड खुपसलं. वाटलं, आता वीज पडणार. वीज पडली नाही. तू रडत होतास आणि ओरडत होतास, आणि आतला दिवा जिथल्या तिथं जळत होता. एवढ्या मोठ्या देवाशी एवढ्याशा माणसानं असं बोलावं आणि देवानं ते ऐकून घ्यावं, हे मी त्या दिवशी बघितलं. एक्केचाळीस वर्षं झाली, अजून अंगावरचा काटा गेलेला नाही.

पायरीवर बसल्यावर तुझ्याकडं पहिली सरूआजी आली. "लिंबाजी, तुपल्या मेंढरानी मपली तूर खाल्ली. ते जाऊ दे, मुकं जनावर हाय. पन तू मला बगून रस्ता बदलला, ते कावून?" तू म्हणालास, "ऐकलं." मग मीही उठले. माझी पाटी तू फोडलीस आणि आळ मांजरावर घातलास, हे मी सगळ्या वाडीसमोर सांगितलं. लोक पोट धरून हसले. तू हसला नाहीस. देवाला विचारताना होता तेवढ्याच गंभीर तोंडानं म्हणालास, "ऐकलं."

अंबाजोगाईला कॉलेजात गेले आणि दोन वर्षांत शहाणी होऊन आले. जेवताना सहज म्हणाले, "दादा, दर वर्षी दगडाशी काय भांडतोस रे?" तुझा घास हातातच राहिला. ताटावरून उठलास आणि वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस. वर्षभर! देवाला बहिरा म्हणणारा तू, आंधळा म्हणणारा तू, आणि माझ्या एका शब्दानं एवढं लागावं? तुला मुभा आणि मला नाही, हा कुठला न्याय म्हणून मी धुमसत होते. वहिनीकडून निरोप धाडला, तर उलटा निरोप आला: "मी त्याला वंगाळ बोलतो. ती तो न्हाईच म्हनती. ह्यात लई फरक हाय म्हनावं." फरक आहे, हे आज मान्य करते. पण ज्याला तो दिसतच नाही त्यानं काय करायचं, ते तू सांगितलं नव्हतंस.

पुढच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तू आपण होऊन चुलीपाशी येऊन बसलास. "सुमे, तुला जे बोलायचं ते उद्या पायरीवर बोल. जेवताना नगं. जेवताना मला राग येतो. पायरीवर मला राग आला तरी उठता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी उठले. म्हणाले, "दादा, तू दगडाशी बोलतोस. आत कुणी नाही. तू वाडीला दर वर्षी फसवतोस." एकच गलका झाला. मागून कुणीतरी काठी घेऊन उठलं, कुणी म्हणालं हिला घरी न्या. तू पायरीवरून हात वर केलास. "बसा समदे. बाई बोलतीय." मग माझ्याकडं बघून विचारलंस, "झालं का? का आजून हाय?" मी म्हणाले, झालं. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. "ऐकलं," तू म्हणालास.

मी पंचवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवते आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा धडा आला की फळ्यावर कलम लिहायचं, वर्गाकडून पाठ करून घ्यायचं, चाचणीत विचारायचं. पण ते असतं कसं, असं मला कुणी विचारलं तर मला तो वर केलेला हात दिसतो. तुला माझं बोलणं पटलं नव्हतं. पुढंही कधी पटलं नाही. तरी हात वर होता, आणि तो माझ्यासाठी होता, दादा. मला अजूनही देवळात कुणी दिसत नाही. तू बोलत असायचास तेव्हा मात्र मी तशी खात्री देऊ शकले नसते.

माझी सई युरोपात शिकायला गेली आणि आपल्या भांडणाला नवा चारा मिळाला. दुपारी मेंढरं लिंबाखाली बसली की खंडूच्या फोनवरून तुमचं मामा-भाचीचं चालायचं. एकदा सुट्टीत मीही तिथं होते, तेव्हा ती म्हणाली, "मामा, इथं रस्त्यात भिंतीवर कुणीतरी देवाचं चित्र काढलंय. टिंगल केलीय. लोक बघतात आणि पुढं जातात."

"कुनी भांडलं न्हाई?"

"नाही."

"मंग काढनारा थांबला का? कुनाला लागलं का म्हनून इचारलं का त्यानं?"

"मामा, त्यानं खाली नावसुद्धा लिहिलं नव्हतं."

मग सईनं तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीची गोष्ट सांगितली. ती आणखी तिसऱ्याच देशातली. तिच्याकडं देवाबद्दल एक वाकडं वाक्य बोललं तर माणसाला वर्षानुवर्षं कोंडून ठेवतात. ती पोर एवढ्या लांब आली, दार लावून बसली, तरी तसलं काही बोलायचं झालं तर आवाज खाली आणायची. हे ऐकून तू हातातली काठी खाली ठेवलीस. "आरारा. तिला तिच्या देवाला 'कावून' म्हनताच येत न्हाई? मपला तर जीव गुदमरून गेला आसता."

मी चिडवलं, "मग कुणाचं गाव बरं ते सांग."

"सईचं बरं. तितं बोलता तर येतं. पन सुमे, बोलून पळून जायचं, हे काय बोलनं झालं?"

मी म्हणाले, कायद्याला कुणाला पायरीवर बसवता येत नाही. बसवायला लागले तर आज बसवतील आणि उद्या तोंडच उघडू देणार नाहीत. तू म्हणालास, "मंग कायद्यानं नगं. आपल्या मनानं बसावं." आणि नाही बसला तर? यावर तू मेंढरं उठवलीस. बरोबर अशाच वेळी ती कशी रे उठायची दर खेपेला? तो वाद लिंबाखालीच राहिला. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, आणि तुला ठाऊक आहे, तुझंही मला पुरतं सोडवत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

दोन वर्षांपूर्वी मी तुझा जाब मोबाइलवर घेतला. सुरुवातीला माझा आवाज आहे: "हा माझा दादा." तू देवाला विचारलंस ते घेतलं, पायरीवर बसून ऐकलंस तेही घेतलं. सगळं मिळून दीड तास. शाळेतल्या बायकांना दाखवून मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. ग्रुपवर टाकायला गेले तर एवढं मोठं जाईना. मग मी पहिली तीन मिनिटं ठेवली आणि बाकीचं कापलं. पायरी त्यात नव्हती. मला वाटलं, पायरी काय, ती तर असतेच, वेगळी कशाला दाखवायची. वाडीत वाढलेल्या माणसाच्याच हातून अशी चूक होते. देवाला विचारणारा नंतर बसून ऐकत नाही, असं जगात कुठं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो तीन मिनिटांचा तुकडा त्या ग्रुपमधून कुठून कुठं गेला ते मला माहीत नाही. पाचव्या दिवशी तो माझ्याकडं परत आला तेव्हा त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'देवाला शिव्या देणारा हा कोण?' त्यात माझा आवाज तसाच होता. तोवर तू तलवाड्याकडं पोचला होतास, गोदावरीच्या अंगाला, एका शेतात मेंढरं बसवून. वीस वर्षं त्या शेतकऱ्याच्या रानाला तुझ्या मेंढरांचं खत. तो सकाळी बांधावर आला आणि म्हणाला, "लिंबाजी, मेंढरं उचल. लोकं मला बोलायलेत." तू कारण विचारलं नाहीस. चैत्राच्या उन्हात लहान कोकरं पाटीत घालून दिवसभर रस्त्यानं हिंडलास, आणि उमापूरपर्यंत कुणी रान दिलं नाही. धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली आहे, ठाण्यात या, असा निरोप तुला त्या रस्त्यावर मिळाला.

ठाण्यात मी आधी पोचले होते. साहेबांना मी राज्यघटना सांगितली, कलमं सांगितली, परंपरा सांगितली. त्यांनी पाणी दिलं. बाहेर आवारात दहा-बारा जण होते. त्यांच्यापैकी एकानंही आपला माळ बघितलेला नव्हता. तू आलास, खांद्यावर घोंगडं, पायांवर धूळ. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "बाबा, माफीनामा लिहून द्या. पुढं ते जाबबिब बंद करतो असंही लिहा. मिटवून टाकू."

तू म्हणालास, "साहेब, ज्यांला लागलं ती मानसं कुटं हायेत?"

"बाहेर आहेत. तुम्ही कशाला जाता?"

तू गेलास. वऱ्हांड्याच्या पायरीपाशी थांबलास, पटका काढलास, आणि बसलास. "दादाहो, मपल्या बोलन्यानं तुमाला लागलं. आता तुमी बोला. तुमचं सपोस्तोर मी हितून उठत न्हाई."

त्यांना वाटलं तू चेष्टा करतोस. एक जण अंगावर धावून आला, शिपाई मधे पडला. मग त्यांनी सुरुवात केली. काय काय बोलले ते मी इथं लिहिणार नाही. आपल्या आईबापांना धरून बोलले. प्रत्येकाचं पुरं झालं की तू मान वर करून त्याच्याकडं बघायचास आणि म्हणायचास, "ऐकलं." चिडून नाही, हात जोडून नाही. सरूआजीला म्हणाला होतास तसंच. सावली पायरीवरून सरकली, तू उन्हात आलास. आत लिहीत बसलेले हवालदार लिहिणं टाकून दारात येऊन उभे राहिले. आणि हळूहळू त्या माणसांचे आवाज उतरायला लागले. ओरडायला समोर कुणीतरी ओरडणारं लागतं. मी पाठीमागं खांबाला धरून उभी होते, आणि नऊ वर्षांची असताना वाटलं होतं तसंच मला वाटत होतं, की आपण काहीतरी एवढं मोठं बघतो आहोत जे आपल्या डोळ्यांत मावणार नाही.

शेवटी एक पस्तिशीचा माणूस पुढं आला. म्हणाला, "मपली आई अंथरुनाला हाय. माज्यासाठी तिनं बिरोबाला नवस केलता. तुमचा व्हिडिओ बगून म्हनली, त्यो बहिरा आसंल तर मपला नवस कुनी ऐकला? दोन दिस जेवली न्हाई ती."

तू लगेच "ऐकलं" म्हणाला नाहीस. पुढं वाकत गेलास, कपाळ फरशीला टेकेपर्यंत. मग उठून बसलास आणि जे करायचं नसतं ते केलंस, उत्तर दिलंस. "ऐकलं, बाबा. हे लई मोठं हाय. म्हातारीला मपला निरोप सांग. बहिऱ्याला कुनी हाका मारत न्हाई. त्याला ऐकू येतंय म्हनून तर मी वरडतो."

तो माणूस तुझ्याशेजारी पायरीवरच बसला. बाकीचे एकेक करून निघून गेले. तक्रार लगेच मिटली नाही, कागद पुढं कितीतरी महिने फिरत राहिला, पण जाब बंद करा असं पुन्हा कुणी म्हणालं नाही. परतताना मी तुला म्हणालेच, दोन पोलीस उभे होते म्हणून तुझ्यावर हात पडला नाही, कायदा लागतोच. तू म्हणालास, "व्हय, तेबी खरं." एवढं सरळ तू माझं कधी मान्य केलं नव्हतंस. मी इतकी खूश झाले की बाकीचं विसरले. नाही, विसरले नव्हते. विसरल्यासारखं केलं.

साहेब तुला आत घेऊन जबाब लिहून घेत होते तेव्हा मी आवारातल्या बाभळीखाली उभी राहून मोबाइलमधला व्हिडिओ पुसत होते. आमच्या मुख्याध्यापकांचा फोन येऊन गेला होता. "बाई, ते तुमच्याकडचं आहे का हो? आपल्या शाळेचं नाव कुठं यायला नको." मी म्हणाले, "गावाकडचं दिसतंय सर, कुणी काढलं माहीत नाही." आणि सगळं पुसून टाकलं. तीन मिनिटंही आणि दीड तासही. तू पायरीवर बसलेला, लोकांचं ऐकणारा, जे एकदा दाखवलं असतं तर तुला ठाण्यात बोलवायची वेळच आली नसती, ते माझ्याजवळ होतं, आणि मी ते पुसलं. आत साहेबांसमोर राज्यघटना सांगणारी बाई ती मीच. तुला मी कधी सांगितलं नाही. तुला तो फोन वापरता येत नाही, तेव्हा कुठं कळणार आहे, असं मनाशी म्हणत राहिले.

चार दिवसांपूर्वी वहिनीनं तुझी पेटी उघडली. मृत्यूची नोंद करायची म्हणून तिला आधार कार्ड हवं होतं. रेशन कार्डाच्या खाली घडी घातलेला कागद निघाला, तुझ्या जबाबाची नक्कल. वहिनी म्हणाली, वाच. ठाण्याच्या त्या मराठीत लिहिलं होतं: 'समक्ष विचारले वरून सांगतो की, सदरचा व्हिडिओ मी स्वतः माझे सांगणेवरून काढण्यास व पाठविण्यास लावला असून त्यामध्ये माझे बहिणीचा अगर इतर कोणाचाही दोष नाही.' खाली चौथीपर्यंतच्या शाळेत शिकलेली तुझी सही, प्रत्येक अक्षर वेगळं.

मी वहिनीकडं बघितलं. ती म्हणाली, "तुला ठावं न्हवतं व्हय? मला तर त्याच दिशी सांगलं त्यांनी. म्हनले, साहेबानं फोनमदी दावलं, सुमीचा आवाज हाय त्याच्यात. तिची नोकरी जाईल. तू काय बोलू नगस तिला. ती आपनहून सांगल."

देवासमोर जो जन्मात खोटं बोलला नाही तो माझ्यासाठी साहेबांसमोर खोटं बोलला. आणि मग वाट बघत राहिला.

मागच्या चैत्रातला जाब आता मला उलगडतो. देवाला विचारून झालं, तू पायरीवर बसलास, वाडीनं विचारायचं ते विचारलं. त्या वर्षी फारसं कुणाजवळ काही नव्हतं. कुणीतरी भंडारा घेऊन उभं होतं, तू उठलास की कपाळाला लावायला. तू उठला नाहीस. पटका मांडीवर घेऊन बायका बसल्या होत्या तिकडं बघत राहिलास. लोक चुळबुळायला लागले. मला वाटलं, गुडघे धरले असतील, आणि सगळ्यांदेखत सांगायला लाजत असशील. मीच ओरडले, "दादा, ऊठ आता, समदं झालं."

तू माझ्याकडं बघितलंस. "झालं? बरं." आणि हाताचा रेटा देऊन उठलास.

त्यानंतर नऊ-दहा महिने तू होतास, दादा. दर आठवड्याला फोन होता. मी तुला सईचं सांगितलं, पगारवाढीचं सांगितलं, माझ्या रक्तदाबाचं सांगितलं. तूही मेंढरांचं सांगितलंस. एकदाही तुझ्या आवाजात काही लागून राहिल्यासारखं आलं नाही. मी फार शोधलं या चार दिवसांत, एक तरी टोमणा आठवतो का म्हणून. सापडला तर बरं वाटेल म्हणून.

वहिनीशी मी काल बोलले. येत्या चैत्रात खंडू देवाला विचारील, तू गेलास त्याबद्दल सुद्धा. तो पायरीवर बसून उठला की त्याच्या जागी मी बसणार आहे. आपल्या वाडीत बाई कधी त्या पायरीवर बसलेली नाही, पण वहिनी म्हणाली, "बस की. मी हाय." आधी मी सांगेन, व्हिडिओ मी काढला, मी कापला, मी पुसला, आणि दादाला एकट्याला आत पाठवलं. मग वाडीनं मला विचारावं. मुख्याध्यापकांना तोवर हे छापलेलं मिळालेलं असेल. त्यांनी काय करायचं ते करावं. तू सही करून वाचवलेली नोकरी आहे, ती अशी लपवून ठेवून मला पुढं करवत नाही.

वाडी मला सोडणार नाही, ते मी सोसेन. शिव्या देतील त्याही ऐकेन. तू समोर माणसांत बसलेला असतास तर मला काय विचारलं असतंस, याचाच मी चार दिवस विचार करते आहे. तू काहीच विचारलं नसतंस, दादा. तेवढं मला सोसत नाही.